तुमचा फोन वांग्यात आहे

"तुमचा फोन वांग्यात आहे" हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा म्हटलं आहे की आजही घरात कुणी फोन शोधायला लागलं की माझ्या तोंडून तेच निघतं. नवऱ्याला आता सवय झाली आहे. पाहुण्यांना मात्र समजावून सांगावं लागतं, आणि समजावायचं म्हटलं की मावशींपासूनच सुरुवात करावी लागते.

नागपूर-अमरावती रस्त्यावर, कारंजा यायच्या थोडं अलीकडे, संत्र्यांच्या बागा संपून ढाबे सुरू होतात तिथे मावशींचा पेट्रोल पंप. पंपाच्या तोंडाशी एक जुना कडुनिंब आहे. त्या कडुनिंबाच्या खोडाला आणि समोरच्या लोखंडी खांबाला दोरी बांधून मावशींनी एक पडदा टांगला होता. जुन्या लुगड्यांचा, हातानं शिवलेला, आणि त्यावर खिसेच खिसे. प्रत्येक खिशावर रंगीत दोऱ्यानं एकेक भाजी काढलेली. वांगं, भेंडी, मिरची, कारलं, मुळा, टमाटर, आणि एक जरा वाकडं काहीतरी, ज्याला मावशी दोडकं म्हणायच्या आणि बाकी सगळे साप म्हणायचे. पंपावर येणाऱ्यानं आधी झाडाखाली थांबायचं, फोन खिशात टाकायचा, आपली भाजी लक्षात ठेवायची आणि मगच गाडी आत घ्यायची. मोटारसायकलवाला असो, ट्रकवाला असो, नाहीतर लाल दिव्याच्या गाडीतला असो, सगळ्यांना हाच नियम होता.

मी एकदा विचारलं होतं की भाज्या कशाला, सरळ नंबर घालायचे ना.

"नंबर मानूस इसरते," मावशी म्हणाल्या. "भाजी नाई इसरत. अन् मद्रासचा असो का पंजाबचा, कारलं पाहून कोनाले समजत नाई सांग बरं?"

बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती लुगडं, आणि लुगड्यावर नवऱ्याचा खाकी शर्ट. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या शर्टांचा साठा मावशींनी पुरवून पुरवून वापरला. शर्टाच्या खिशात शिट्टी असायची. कुणी फोन कानाला लावून आत शिरला की शिट्टी वाजे आणि गजू, म्हणजे आमचा पेट्रोल भरणारा, हातातला पाइप जागेवर अडकवून मोकळा उभा राही. मशीनच बंद. मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. मागे रांगेत उभे असलेले लोकच त्याला हाकलत झाडाकडे न्यायचे. मावशींना तोंड उघडावंच लागत नसे.

मी बोरगाव मेघेची. वडील कचेरीत कारकून, आई शाळेत शिक्षिका, आणि मी बी.कॉम. होऊन घरात बसलेली. कारंजाच्या आत्यानं सांगितलं की पंपावर मॅनेजर पाहिजे आहे. मॅनेजर या शब्दाला भुलून मी मुलाखतीला गेले. नवाकोरा फोन हातात होता, तो मावशींनी आधी पाहिला आणि मला नंतर.

"भेंडीत टाक," त्या म्हणाल्या. "मंग बोलू."

फोन भेंडीत टाकून मी समोर बसले. शिक्षण, अनुभव, पगार, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"इथं आग लागली तं पह्यले काय करशीन?"

मी आत्मविश्वासानं म्हटलं, "फायर ब्रिगेडला फोन करीन."

"फोन तं भेंडीत हाय."

 मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "उद्यापासून येजो. शिकशीन."

पहिले काही महिने मला या नोकरीची लाज वाटायची, हे खरं आहे. मैत्रिणी विचारायच्या, काय करतेस गं तिथे, आणि मी सांगायची हिशेब बघते. दोडक्यातून फोन काढून देते, हे कसं सांगणार? आज मात्र कुणी विचारलं तर मी हे सगळ्यात आधी सांगते, आणि तेही जरा मोठ्या आवाजात.

पंपावर आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. आमच्याकडचे लोक त्यात खर्रा, म्हणजे चघळलेली तंबाखू-सुपारी, थुंकतात. कुठल्याही पंपावर जाऊन बघा, बादलीत वाळू कमी आणि खर्राच जास्त सापडेल. मावशींना हे चालत नसे. सकाळी आल्या आल्या त्या प्रत्येक बादलीत हात घालून वाळू खालवर करत, आणि कुणाला थुंकताना पकडलं तर त्याला पिठाची चाळणी आणून देत. "चाळ," एवढंच म्हणत. मी एका चांगल्या इस्त्रीच्या कपड्यातल्या ठेकेदाराला उकिडवं बसून वाळू चाळताना पाहिलं आहे. त्याचा फोन टमाटरात वाजत होता आणि तो मान वर करायची हिंमत करत नव्हता. ती वाळू शेवटी रव्यासारखी कोरडी आणि मोकळी निघाली, आणि तोच मला म्हणाला, "म्याडम, पाहून घ्या बरं, बरोबर झाली का?"

फोनवर एवढा राग का, याच्या गावभर कथा होत्या. कुणी म्हणे, काका फोनवर बोलताना जळून गेले. काका झोपेत गेले होते, शांतपणे, आपल्या बाजेवर. कुणी म्हणे, म्हातारीला कुणीतरी सांगितलं की फोनमधून किरणं निघतात. कुणी म्हणे, मुलीनं फोनवरून लग्न जमवलं म्हणून. मुलीचं लग्न हिंगणीला रीतसर पाहून झालं होतं आणि जावई मावशींचा फार लाडका होता. स्वतः मावशींना विचारलं तर त्या मान वर करून कंपनीच्या बोर्डाकडे बोट दाखवत. "तिथं लिवलं हाय, वाच."

बोर्ड होताच. फोनचं चित्र, त्यावर लाल फुली. देशातल्या प्रत्येक पंपावर असतो तसा. फरक इतकाच, की देशात तो कुणीच वाचत नाही.

या नियमानं एकदा एकाचं खरंच नुकसान झालं, आणि ते सांगितल्याशिवाय मावशींचं चित्र खरं होणार नाही.

राजस्थानचा एक ट्रक ड्रायव्हर होता. फोन कारल्यात टाकून त्यानं डिझेल भरलं, नळावर आंघोळ केली, आणि थकलेला होता म्हणून फोन परत न घेताच गाडी मागच्या मैदानात लावून केबिनमध्ये झोपला. इकडे कारलं वाजत होतं. वाजायचं, थांबायचं, पुन्हा वाजायचं. दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही, असाच तेव्हा आमचा शिरस्ता होता. तो उठून आला तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. फोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. बायको बाळंतपणाला दवाखान्यात, अडली होती, ऑपरेशन करावं लागलं, आणि ती आत जाताना एकदा नवऱ्याचा आवाज ऐकू दे म्हणत होती. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. पण तो तसाच मावशींपुढे येऊन उभा राहिला.

"मौसी, वो मेरा नाम लेती रही," तो म्हणाला. "और मेरा फोन तुम्हारे करेले में बजता रहा!"

आणखीही बरंच बोलला. गजू मध्ये पडायला गेला, तर मावशींनी हातानं त्याला मागे सारलं. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या घरचा नंबर तेवढा मागून घेतला. ड्रायव्हर गेल्यावर त्या बराच वेळ कारल्याच्या खिशावरून हात फिरवत उभ्या होत्या. मला वाटलं, उद्या पडदा निघणार.

दुसऱ्या दिवशी मी आले तर पडदा तिथेच होता आणि पडद्याशेजारी, झाडाखाली, खुर्ची टाकून मावशी बसल्या होत्या. पहिला फोन वाजला, मुळ्यात. मावशींनी तो काढला, उलटा धरला, मी सुलटा करून दिला, आणि त्या ओरडल्या, "हां, बोलो! वो डिझल भर के राहिला है. पाच मिंट में करेगा. फिकर नको करो!"

तेव्हापासून मावशी सगळ्यांचे फोन घ्यायला लागल्या. स्वतःकडे कधी फोन नव्हता, आणि दिवसभर फोनवर असायच्या. पुन्हा त्यांचं ते हिंदी! पण पलीकडच्या बायांना ते कळायचं. पंजाब, झारखंड, तेलंगण, कुठल्या कुठल्या बाया. "जेवला का तो?" विचारायच्या, तर मावशी गजूला हाक मारून विचारत आणि तिकडे कळवत. "नाई जेवला. अभी ढाबे पे भेजती मी उसको." जरुरीचा निरोप असला तर शिट्टी दोनदा तुटक वाजे, आणि मशीनवरचा माणूस काम आटोपून धावत झाडाखाली येई. राजस्थानच्या त्या ड्रायव्हरच्या बायकोलाही मावशींनी त्या दिवशी घेतलेल्या नंबरावर पंपाच्या टेलिफोनवरून फोन लावला होता. काय बोलल्या ते मला माहीत नाही. दार लोटून बोलल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या. तो ड्रायव्हर पुढच्या खेपेला आला, मान खाली घालून, आणि फोन स्वतःहून कारल्यात टाकला.

मग साहेब आले. कंपनीचे नवे अधिकारी, तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांनी प्रत्येक मशीनवर पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवला. अगदी त्या फुलीच्या बोर्डाखाली.

मावशींनी चष्मा वर सरकवून दोन्ही नीट वाचलं. "साहेब, वरतं म्हनते फोन काढू नको, खालतं म्हनते फोन काढ. गिऱ्हाईकानं कोनाचं आयकावं?"

साहेब हसले. "मावशी, तो बोर्ड जुना झाला. मोबाईलनं पंप पेटल्याचं कुठं सिद्ध झालेलं नाही."

"मंग बोर्ड काढा."

"बोर्ड नाही काढता येत. नियम आहे."

"मंग हे काढतो," मावशी म्हणाल्या आणि साहेबांच्या देखत नखानं क्यूआर कोड खरवडून काढला, आणि तो नेऊन कडुनिंबाला खिळ्यानं ठोकला. पैसे झाडाखाली, पेट्रोल मशीनपाशी. नवा नियम.

साहेबांना तो पटला नाही. ते महिन्यातून एकदा यायचे आणि दर वेळी आवाज थोडा चढलेला असायचा. आणि त्यांचं सगळंच चूक होतं असंही नाही. पुढच्या पंपावर लोक मशीनपाशीच पैसे भरून सटकत होते. आमच्याकडे झाडापासून मशीन, मशीनपासून झाड, अशी वारी कोण करणार? कॉलेजची मुलं आमच्याकडे यायची बंद झाली. मलाही वाटायचं की हा हट्ट आहे. एकदा मीच म्हणाले, "मावशी, लोक हसून राहिले आपल्याला."

"हासू दे. हासनाऱ्याचे दात दिसते, आपलं काय जाते?"

पण जाणार होतं. एप्रिलच्या शेवटी साहेबांनी सरळ सांगितलं की मशीनपाशी फोन चालू केले नाहीत तर ते वर लिहिणार आणि मावशींकडून पंप काढून घ्यायचं बघणार. पंप घ्यायला मावशींच्या दिराचा मुलगा, त्यांचा पुतण्या, तयारच होता. काकांच्या मागे दिरानं हा पंप मागितला होता तेव्हा मावशी ऑफिसच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या आणि तेव्हापासून रोज सकाळी स्वतः कुलूप उघडत होत्या. त्या दिवशी साहेब गेल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. मी पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं पाहिलं. खाकी शर्टाची बाही सारखी ओढत होत्या.

"सोडून द्या ना मावशी एवढं," मी म्हटलं. "फोनच तर आहे."

त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. उठून बादलीतली वाळू खालवर करायला लागल्या.

मे महिन्यात साहेब शेवटचं उत्तर घ्यायला आले. दुपारची वेळ, डांबर मऊ झालेलं. लग्नसराई. एका मशीनवर वऱ्हाडाची क्रूझर, आत बाया आणि लेकरं कोंबून बसवलेली. दुसरीकडे दोन ट्रक. मध्ये मोटारसायकली. साहेबांना मशीनचं माप तपासायचं होतं, म्हणजे आत जाणं आलं. मावशींनी पडद्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी एक मोठा श्वास घेतला आणि फोन मिरचीत टाकला.

"मावशी, हे शेवटचं हं," ते म्हणाले.

एका मोटारसायकलवाल्यानं टाकी पार तोंडापर्यंत भरून घेतली. "आनखी, आनखी" करत. पेट्रोल उतू गेलं, तापलेल्या इंजिनवर सांडलं, आणि गाडी ढकलत नेण्याऐवजी त्यानं तिथेच स्टार्टरचं बटन दाबलं. भक्कन आवाज झाला. निळी आणि मग पिवळी ज्वाळा त्याच्या मांड्यांमधून वर आली. तो उडी मारून बाजूला पडला आणि गाडी मशीनपाशी जळायला लागली.

मी धावत जाऊन भिंतीवरचं लाल बटन दाबलं, सगळ्या मशीन बंद केल्या, आणि ऑफिसातल्या टेलिफोनवरून नगरपंचायतीच्या आगीच्या गाडीला फोन लावला. भेंडीतल्या फोनची मला आठवणही झाली नाही. मग बाहेर आले आणि जे पाहिलं ते आयुष्यभर विसरणार नाही.

कुणी उभंच नव्हतं. दोन्ही ट्रकचे ड्रायव्हर आणि क्लीनर क्रूझरला खांदा लावून ढकलत होते, आणि नवरदेवाचे मामा फेटा सांभाळत पुढून ओढत होते. एका मोटारसायकलवाल्यानं शेजारच्या दोन गाड्या दोन हातांनी बाहेर काढल्या. गजूनं आग विझवायचा लाल सिलिंडर उपसला. बाकीचे बादल्यांवर तुटून पडले होते. बादलीतून कोरडी, मोकळी, चाळलेली वाळू सरसर पडत होती आणि ज्वाळा दबत होती.

फक्त साहेब झाडाकडे धावले होते. त्यांचा हात मिरचीत गेला होता आणि मावशींनी त्यांचं मनगट धरलं होतं.

"फोन लावतो मावशी, सोडा!"

"पोरीनं लावला! तुमी बादली घ्या!"

साहेबांनी हिसका दिला, खिसा टर्रकन फाटला, फोन खाली पडला. मावशींनी तो पायानं बाजूला सारला आणि साहेबांच्या हातात भरलेली बादली दिली. आणि साहेब धावले. मी त्यांच्याबद्दल मनात बरंच काही वाईट धरून होते, पण सांगते, सगळ्यात जवळ जाऊन, मशीन आणि ज्वाळेच्या मध्ये उभं राहून, त्यांनीच बादली ओतली.

नगरपंचायतीची गाडी आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. एक काळी मोटारसायकल, मशीनच्या बाजूला पोळलेला रंग, गजूच्या हाताला फोड, मोटारसायकलवाल्याच्या पायाला भाजलेलं. क्रूझरमधलं एक लेकरू रडत होतं, ते कुणीतरी दार जोरात लावलं म्हणून. त्या पाण्याच्या गाडीवाल्यानं सगळीकडे पाहून विचारलं, "व्हिडिओ असन ना कोनाकडं? दाखवा ना." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाकडेच नव्हता.

मग पडदा वाजायला लागला. वांगं, मुळा, दोडकं. इतका वेळही वाजत असेल, कुणाला ऐकू आलं नव्हतं. मावशी आपल्या खुर्चीत बसल्या, काळ्या हातानं एकेक फोन काढायला लागल्या. "हां, भर के राहिला है. सब ठीक है. फिकर नको करो." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.  त्या क्षणी मला त्या बाईचा जो अभिमान वाटला तसा मला माझ्या पदवीचाही कधी वाटला नव्हता.

साहेब त्यांच्यापुढे येऊन जमिनीवरच बसले. शर्ट काळा, भुवया जळालेल्या. ते म्हणाले, "मावशी, एक विचारू? आज एकाच्याही हातात फोन नव्हता. तरी आग लागलीच."

"लागली ना."

"मग तुमचा नियम कशाला?"

"मी कवा म्हनलं का फोननं आग लागते?" मावशी म्हणाल्या. "तुमचा बोर्ड म्हनते तसं. आग कशानंबी लागते साहेब. इझवाले हात लागतेत. फोन हातात असला का मानूस आर्धा इथं अन् आर्धा तिकडं राह्यते. मंग आग लागली का पह्यले फोनच वर करते. तुमीबी तिकडंच गेलते ना?"

साहेबांनी फाटलेल्या मिरचीकडे पाहिलं.

"पेट्रोलपाशी मानूस पुरा पाह्यजे," मावशी म्हणाल्या. "म्हनून ठेवाले लावतो. बंद नाई करत. म्या घेतो ना सगळ्याइचे फोन. बाजूले ठेवनं अन् बंद करनं, दोनात फरक हाय. मले तो एका लेकराच्या बापानं शिकवला."

साहेब उठले, त्यांनी हात झटकले आणि मला म्हणाले, "क्यूआर कोड झाडालाच राहू द्या. पाऊस लागणार नाही असं बघा." वर काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक, पण पंप काढून घ्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढच्या खेपेला त्यांनी मिरची शिवून द्यायची तयारी दाखवली तर मावशींनी साफ नकार दिला.

"राहू द्या. साहेबांची आठवन हाय."

आणि मग ते दर वेळी आले की मावशी त्यांना मुद्दाम पडद्यापुढे उभं करायच्या आणि फाटक्या मिरचीकडे प्रेमानं बघायच्या.

गेल्या वर्षी मावशींचे गुडघे गेले. खुर्चीतून उठवेना. लेक येऊन हिंगणीला घेऊन गेली. जायच्या दिवशी त्यांनी सगळ्या बादल्यांत हात घालून वाळू पाहिली, शिट्टी गजूला दिली आणि मागे न बघता गाडीत बसल्या. पंप पुतण्याकडे आला. पुतण्या वाईट माणूस नाही, फक्त घाईत असतो. पहिल्याच दिवशी त्यानं पडदा उतरवून पेटीत टाकला आणि प्रत्येक मशीनवर कोड चिकटवला.  माझ्या बोलण्यानं काय होणार होतं? जेवायच्या सुट्टीत एकटी झाडाखाली बसले आणि रडू आलं, एवढंच.

थोड्या दिवसांनी सकाळी एक ट्रक झाडाखाली येऊन थांबला तो पुढे येईचना. हॉर्न नाही, काही नाही. मी जाऊन पाहिलं तर तो राजस्थानचा ड्रायव्हर, हातात फोन घेऊन, मोकळ्या दोरीकडे बघत उभा.

"मॅडम, मेरा करेला किधर है?"

मी सांगितलं की आता तसंच आत या, फोन चालतो. त्यानं मान हलवली. "घरवाली पूछेगी, फोन मौसी के पास रखा था ना? उसको क्या बोलूँ?" त्यानं फोन गमछ्यात बांधला, गमछा दोरीला अडकवला आणि मग ट्रक आत घेतला. मागून एक संत्र्याची पिकअप आली. तिच्या ड्रायव्हरनं दोरीवरचा गमछा पाहिला, खाली उतरला आणि आपला फोन पिशवीत घालून शेजारी टांगला. मग आणखी एक आला. दुपारपर्यंत दोरीवर गमछे, दुपट्टे, एक पायमोजा, असं वाळत घातल्यासारखं सगळं लटकत होतं, आणि मी खुर्ची टाकून बसले होते आणि फोन घेत होते.

पुतण्या वैतागला. त्यानं मशीनपाशी उभं राहून, सगळ्यांदेखत, हिंगणीला मावशींच्या लेकीच्या नंबरावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकू, हे लोक आयकूनच नाई राह्यले! फोन चालते म्हनलं तरी टांगून राह्यले! तुमी सांगा याइले!"

पलीकडून मावशींचा आवाज आला, तसाच मोठा. "तू कुठं उभा हायेस?"

"मशीनपाशी, काकू."

"मंग पह्यले झाडाखाली जा. तिथून लाव." आणि फोन बंद.

रांगेतले सगळे त्याच्याकडे बघत होते. गजूनं शिट्टी काढून तोंडात धरली, वाजवली मात्र नाही. पुतण्या मान खाली घालून चालत झाडाखाली आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि पुन्हा फोन लावला.

"हां काकू. आलो झाडाखाली."

"पडदा पेटीत हाय ना? काढून लाव," मावशी म्हणाल्या. "अन् पोरीले सांगजो, मिरचीचा खिसा आता शिवून टाक. तुह्या फोनले लागन."